लोअर आर्मचे बुश घरी बदलताना

गतिरोधकावरून उतरताना पुढच्या चाकापाशी भरीव ‘धप्प’ असा आवाज येतो, जोरात ब्रेक दाबला की गाडी किंचित एका बाजूला सरकते, आणि सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत थोडे थोडे सावरावे लागते. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसू लागली की पुढच्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाचे खालचे टोक गाडीला जोडणाऱ्या भागाच्या, रबरी बुशांकडे प्रथम पाहावे. हे बुश घरी बदलता येतात. त्यासाठी गाडीखाली सुरक्षितपणे काम करण्याची शिस्त हवी, बुश दाबून काढण्याची आणि बसवण्याची सोय हवी, आणि आर्मचे बोल्ट शेवटी कोणत्या स्थितीत आवळायचे याची नेमकी समज हवी. यांतली शेवटची गोष्ट सर्वांत कमी पाळली जाते आणि नवा बुश किती टिकेल हे मोठ्या प्रमाणात तिच्यावरच ठरते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करणे योग्य होईल.

बुश नेमके काय करतो

येथे मारुती स्विफ्टसारख्या, पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या आणि पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या लहान गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये होती आणि आज आपल्याकडच्या बहुसंख्य लहान गाड्यांत तीच आढळते. तिच्यात वरचा आर्म नसतो. चाकाचे वरचे टोक स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर असलेला स्ट्रट धरून ठेवतो, तर खालचे टोक एकटा लोअर आर्म धरतो. वळणावर चाकाला आडवा बसणारा रेटा आणि ब्रेक लावल्यावर मागे ढकलणारा जोर, हे दोन्ही या आर्ममधून आणि त्याच्या दोन बुशांमधून सबफ्रेमकडे, म्हणजे गाडीखालच्या पोलादी चौकटीकडे, जातात. बऱ्याच गाड्यांत आर्म साधारण काटकोनी असतो. त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट (सर्व बाजूंना वळणारा सांधा), आतल्या पुढच्या टोकाला एक घट्ट बुश आणि आतल्या मागच्या टोकाला एक मोठा, मऊ बुश असतो. पुढचा बुश प्रामुख्याने आडवा जोर सोसतो. मागचा बुश खड्ड्याचा आणि ब्रेकचा धक्का जिरवतो, आणि बहुधा तोच आधी फाटतो.

बुश म्हणजे एकात एक असलेल्या दोन पोलादी नळ्या आणि त्यांच्यामध्ये दोन्हींना कायमचे चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवलेली असते, तर आतली नळी बोल्ट आवळला की सबफ्रेमच्या कानांमध्ये पक्की धरली जाते. चाक वरखाली होते तेव्हा या नळ्या एकमेकींवर फिरत नाहीत, मधले रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ आकारात येते. म्हणजे हे बेअरिंग नव्हे, ही रबराची स्प्रिंग आहे. त्यामुळे रबरी बुशाला ग्रीस लावणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय खनिज तेलाचे ग्रीस रबराला फुगवून मऊ करते, म्हणून ते अपायकारकही आहे.

याच रचनेमुळे आवळण्याच्या स्थितीला महत्त्व येते. गाडी उचलून जॅक स्टँडवर ठेवलेली असताना चाक खाली लोंबते आणि आर्मही खाली झुकलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट पूर्ण आवळला तर रबराची ‘विश्रांतीची’ जागा तीच ठरते. मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते. उभ्या गाडीतही त्याला आराम मिळत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याला ते आधीच्या पिळात आणखी पिळले जाते. अशा रबराला काही महिन्यांतच चिरा पडू शकतात. मग दोष बुशाच्या दर्जाला दिला जातो, पण तो बहुतेकदा आवळण्याच्या पद्धतीचा असतो. गाडी लिफ्टवर उचललेली असताना, चाके लोंबत असताना सगळे बोल्ट न्यूमॅटिक गनने आवळून मोकळे होण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. घरी काम करण्याचा खरा फायदा हाच, की हा टप्पा घाई न करता योग्य प्रकारे पार पाडता येतो.

आधी निदान पक्के करावे

आवाज बुशाचाच आहे याची खात्री केल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. बारीक खडबडीत रस्त्यावर हलकी ‘खडखड’ येत असेल तर संशय स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी फार कलू न देणाऱ्या सळईच्या) लिंक रॉडवर घ्यावा, आणि उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना वरच्या बाजूने कुरकुर किंवा टणत्कार येत असेल तर स्ट्रटच्या वरच्या माउंटकडे पाहावे. बुशाचा आवाज जाड आणि एकेरी असतो, आणि ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये गाडी निघताना तो विशेष जाणवतो. टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा लवकर झिजलेली दिसली तर तीही साक्ष धरावी, मात्र तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण अलाइनमेंट बिघडल्यानेही तसेच घडते.

गाडी स्टँडवर घेऊन आर्म आणि सबफ्रेम यांच्यामध्ये पहार घालून बेताने रेटून पाहावे. रबर थोडे हलणारच, ते हलण्यासाठीच आहे. परंतु रबर नळीपासून सुटलेले दिसणे, आरपार चीर उघडणे किंवा आतली नळी एका बाजूला टेकलेली आढळणे ही बुश संपल्याची चिन्हे आहेत. काही गाड्यांच्या मागच्या बुशात द्रव भरलेला असतो, आणि त्याच्याभोवती ओल दिसली तर तो फुटला आहे असे समजावे. वरच्या पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषा मात्र वयाच्या असतात, तेवढ्यासाठी बुश बदलण्याची गरज नाही. याच वेळी इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे तेल बुशावर ठिबकते का हेही पाहावे. ती गळती बंद केल्याशिवाय नवा बुश घातला तर त्याचीही तीच अवस्था होईल.

बॉल जॉइंटही तपासून घ्यावा. त्यात खेळ असेल किंवा त्याचे रबरी बूट फाटले असेल, आणि तो आर्मला कायमचा जोडलेला असेल, तर केवळ बुश बदलण्यात अर्थ नाही. तेव्हा संपूर्ण आर्म बदलावा. नवीन आर्म बुश आणि बॉल जॉइंटसह मिळतो, त्यात प्रेसचे (दाबयंत्राचे) काम उरत नाही, आणि ज्याच्याकडे प्रेस नाही अशा माणसाला माझा पहिला सल्ला हाच राहील, मात्र आर्म विश्वासार्ह बनावटीचा असावा. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यासारख्या किनाऱ्यावर वापरलेल्या गाडीचा पत्र्याचा आर्म आतून गंजलेला असू शकतो. तो छिन्नीच्या टोकाने ठोकून पाहावा. पत्रा दबला किंवा पापुद्रे निघाले तर त्या आर्ममध्ये नवा बुश घालू नये.

सुटे भाग आणि अवजारे

रोजच्या वापराच्या गाडीसाठी कंपनीच्या दर्जाचा रबरी बुशच घ्यावा. पॉलियुरेथेनचे बुश अधिक ताठ असतात आणि स्टिअरिंगला नेमकेपणा देतात, परंतु रस्त्याची थरथर थेट केबिनमध्ये आणतात आणि त्यांना ठरावीक काळाने सिलिकोन ग्रीस द्यावे लागते. खड्ड्यांच्या रस्त्यांवर कुटुंबासह प्रवास करणाऱ्याला त्यांचा लाभ थोडा आणि त्रास अधिक होतो. बुश दोन्ही बाजूंचे एकत्र बदलावेत, कारण एक बाजू ताठ आणि दुसरी सैल राहिली तर ब्रेक लावताना गाडी ओढत राहते. त्यांच्यासोबत आर्मचे आणि बॉल जॉइंटचे नवे नट-बोल्ट घ्यावेत, कारण सेल्फ-लॉकिंग नटांची पकड एकदा उघडल्यावर कमी होते.

अवजारांमध्ये मजबूत जॅक, दोन जॅक स्टँड, चाकांमागे लावायला लाकडी ठोकळे, साधारण १४ ते १९ मिलिमीटरपर्यंतचे गोटी पाने आणि रिंग पाने, लांब दांडा, पहार, हातोडा, तारेचा ब्रश, रंगाचा मार्कर आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) लागते. टॉर्क रेंच भाड्याने किंवा उसने आणावे, पण त्याशिवाय हे काम करू नये. बोल्टांचे आकडे गाडीगणिक वेगळे असतात, त्यामुळे आपल्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून ते लिहून घेऊन समोर ठेवावेत.

बुश काढण्या-बसवण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस हवा. तो घरी नसतो, आणि त्यात गैर काही नाही. आर्म काढून जवळच्या लेथ वर्कशॉपमध्ये किंवा प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये न्यावा, तेथे हे काम थोड्या वेळात होते. मात्र ते दुकान त्या दिवशी उघडे आहे याची आधीच चौकशी करावी. पुण्याच्या औद्योगिक भागात पुष्कळ वर्कशॉप गुरुवारी बंद असतात, आणि गाडी स्टँडवर उघडी पडलेली असताना ही गोष्ट लक्षात येणे फार गैरसोयीचे ठरते.

आर्म उतरवणे

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांचे दिसणारे आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सैल करणारे तेल मारून ठेवावे. सकाळी गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी. फरसबंदीच्या सैल ब्लॉकवर किंवा मातीवर हे काम करू नये. टायरमध्ये योग्य हवा असताना आणि गाडी रिकामी असताना पुढच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवावेत. गाडीची नैसर्गिक उंची म्हणजे हाच आकडा, आणि शेवटी तो लागणार आहे.

हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत, आणि गाडी जमिनीवर असतानाच चाकांचे नट अर्धा फेरा सैल करावेत. नंतर कंपनीने नेमून दिलेल्या जागी जॅक लावून पुढची बाजू उचलावी आणि गाडीच्या सांगाड्याच्या मजबूत भागाखाली दोन्ही स्टँड ठेवावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये, विटा किंवा दगड तर मुळीच वापरू नयेत. गाडी स्टँडवर बसल्यावर तिला बाजूने जोरात हलवून पाहावे आणि काढलेली चाके गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवावीत. पुढची दोन्ही चाके एकाच वेळी उचलण्याचे आणखी एक कारण असे, की एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार पिळला जातो आणि त्याची लिंक काढताना ती अचानक उसळते.

लिंक आर्मला जोडलेली असेल तर ती सोडवावी. त्यानंतर बॉल जॉइंट. पुष्कळ लहान गाड्यांत त्याचा दांडा नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) चिरलेल्या कानात शिरलेला असतो आणि एक आडवा बोल्ट त्याला आवळून धरतो. हा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जातो, म्हणून तो नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढावा. मग चिरेत छिन्नी बेताने ठोकून कान किंचित उघडावा आणि आर्म पहारीने खाली दाबून दांडा सोडवावा. दांडा निमुळता आणि वरून नट लावलेला असेल तर नट काही आट्यांवर ठेवून नकलच्या बाजूवर हातोड्याचे ठाम घाव घालावेत, किंवा बॉल जॉइंट पुलर वापरावा. फाट्याच्या आकाराची पाचर रबरी बूट फाडते, त्यामुळे जुना जॉइंटच पुन्हा वापरायचा असेल तर ती टाळावी.

दांडा सुटताच हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, बाहेरच्या बाजूला झुलतो. त्याला तसे मोकळे सोडले तर ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा निसटू शकतो आणि ब्रेकच्या होजवर व एबीएसच्या तारेवर ताण येतो. म्हणून हब तारेने किंवा दोरीने आतल्या बाजूला बांधून ठेवावा.

आता आर्मचे सबफ्रेमकडचे बोल्ट उघडावेत. पुढच्या बुशाचा बोल्ट आतल्या नळीत गंजून चिकटलेला असण्याची शक्यता असते. त्याचा नट सबफ्रेमला वेल्ड केलेला असेल तर तो उखडल्यास काम एकदम मोठे होते. म्हणून जोर एकाच दिशेला लावत राहू नये. बोल्ट थोडा उघडावा, थोडा परत आवळावा, तेल द्यावे आणि पुन्हा उघडावा. येथे ज्योत वापरू नये. जळत्या रबराचा धूर विषारी असतो, आणि ब्रेकच्या होज व इंधनाच्या नळ्या तेथून दूर नसतात. काही गाड्यांत हा बोल्ट बाहेर येताना गिअरबॉक्सला अडतो आणि इंजिन माउंट सैल करून गिअरबॉक्स थोडा हलवावा लागतो. बोल्ट काढण्यापूर्वीच ती जागा नीट पाहून घ्यावी.

बुश काढणे आणि बसवणे

जुना बुश दाबण्याआधी त्याची ठेवण नोंदवून घ्यावी. मागच्या बुशाच्या रबरात बहुधा मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्या ज्या दिशेला असतात त्या दिशेला बुश मऊ असतो. नवा बुश फिरवून बसवला तर जेथे मऊपणा हवा तेथे ताठपणा येतो, आणि गाडीचे वागणे बदलते. पोकळ्यांच्या दिशेची रेघ आर्मच्या पत्र्यावर मार्करने ओढावी, दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, आणि बुश आर्मच्या कडेपासून किती बाहेर आला आहे तेही मोजून ठेवावे. आर्म वर्कशॉपमध्ये देणार असाल तर ही रेघ कारागिराला दाखवून सांगावी, कारण तो दिवसभर वेगवेगळ्या गाड्यांचे बुश दाबत असतो आणि आपल्या गाडीची दिशा त्याला ठाऊक असेलच असे नाही.

दाबताना जोर बाहेरच्या नळीवरच आला पाहिजे. त्यासाठी तिच्याइतक्या व्यासाची मजबूत कडी वरून आणि बुश मावेल अशी पोकळ नळी खालून लावावी. पत्र्याच्या आर्मच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असेल तर तेथे आधार द्यावा, नाहीतर भिंती आत दबतात आणि भोक लंबगोल होते. प्रेस मुळीच मिळत नसेल तर रबर ड्रिलने पोखरून काढावे, हॅक्सॉचे पाते आतून घालून बाहेरच्या नळीला एक उभी चीर द्यावी आणि छिन्नीने ती नळी आत दुमडून काढावी. पाते आर्मच्या धातूत शिरू देऊ नये. हातोड्याने बुश ठोकून काढण्याचा मार्ग मला मान्य नाही, कारण त्यात आर्म वाकतो आणि ते डोळ्यांना दिसतही नाही.

रिकाम्या भोकातला गंज तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करावा, पण धातू घासून कमी करू नये. नव्या बुशाला साबणाचे पाणी लावावे, तो रेघेप्रमाणे धरावा आणि अगदी सरळ सुरू करावा. पहिल्या काही मिलिमीटरमध्ये तो तिरका वाटला तर लगेच बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी. बुश हाताच्या जोराने आत गेला तर आनंद मानू नये. भोक मोठे झाले आहे आणि तो आर्म बाद आहे, असाच त्याचा अर्थ आहे.

पुन्हा जोडणी, आणि तो शेवटचा टप्पा

आर्म जागेवर घेऊन आतले बोल्ट फक्त हाताने टेकेपर्यंत लावावेत, म्हणजे आतली नळी अजून फिरू शकेल. बॉल जॉइंटचा दांडा नकलमध्ये पूर्ण वर ढकलावा, त्याची खाच बोल्टच्या भोकासमोर आणावी आणि नवा बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार आवळावा. हा बोल्ट लोंबत्या स्थितीत आवळला तरी चालतो, कारण त्याच्यामुळे रबर पिळले जात नाही. लिंक जोडावी आणि चाके लावावीत.

यानंतर गाडी तिच्या स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी राहिली पाहिजे, आणि तरीही आर्मच्या बोल्टांपर्यंत पाना पोहोचला पाहिजे. त्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे पुढच्या चाकांखाली रुंद, जाड लाकडी फळ्यांचे आडवे-उभे रचलेले भक्कम थर ठेवून किंवा पोलादी रॅम्प सरकवून गाडी त्यांवर हळूहळू उतरवणे. मागचे ठोकळे तसेच ठेवावेत आणि स्टँड गाडीच्या अगदी जवळ, संरक्षण म्हणून उभे ठेवावेत. पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडावा, म्हणजे सस्पेन्शन स्थिरावेल. मग सुरुवातीला लिहून ठेवलेले अंतर पुन्हा मोजावे. आकडा जवळपास जुळला की पुढच्या आणि मागच्या बुशाचे बोल्ट टॉर्क रेंचने शेवटपर्यंत आवळावेत. मागच्या बुशाचा बोल्ट उभा असेल तर त्यात रबर पिळण्याऐवजी एका बाजूला कलते, परंतु नियम त्यालाही हाच लागू करावा.

जॅक बॉल जॉइंटखाली लावून आर्म मोजलेल्या उंचीपर्यंत उचलणे ही दुसरी रीत आहे. तीही तत्त्वतः बरोबर आहे, पण त्या क्षणी गाडीच्या त्या कोपऱ्याचे जवळजवळ सगळे वजन स्टँडवरून जॅकवर येते. जॅक सरकला तर गाडी दचकते. त्यामुळे पहिली रीत शक्य असेल तेव्हा तीच स्वीकारावी, आणि दुसरी वापरावी लागलीच तर गाडीखाली न शिरता बाजूने, लांब दांड्याने बोल्ट आवळावा.

गाडी जमिनीवर आल्यावर चाकांचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगाने मारावी. आधी हलका आणि मग जरा जोराचा ब्रेक लावून पाहावा, रिव्हर्समधून पुढे घ्यावे, आणि एखाद्या गतिरोधकावरून तिरके उतरून आवाज ऐकावा. नव्या बुशांमुळे स्टिअरिंग पूर्वीपेक्षा किंचित जड वाटणे स्वाभाविक आहे.

आर्म उघडल्यावर चाकाचा कोन थोडाफार बदलतोच, म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. त्याआधी महामार्गावर किंवा घाटात गाडी नेऊ नये. अलाइनमेंट झाल्यानंतर आणि साधारण १०० किलोमीटर चालवल्यानंतर गाडी पुन्हा त्याच फळ्यांवर घेऊन आर्मच्या प्रत्येक बोल्टला टॉर्क रेंच लावून पाहावे. ठरलेल्या आकड्याआधी एखादा बोल्ट फिरला तर तो आवळून घ्यावा, आणि काही दिवसांनी तोच बोल्ट पुन्हा तपासावा. तेव्हाही तो सैल आढळला तर त्याचे आटे किंवा सबफ्रेममधला नट खराब झाला आहे असे समजून तो दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी ठेवावी.